बाई नंबर नऊ

३ ऑगस्ट २०२५, नाशिकरोड

अकरा मार्चनंतर ही वही आज उघडतो आहे. वहीची माफी मागण्यात अर्थ नाही, तिला काही वाटत नाही. पण रोज लिहीन असं मी स्वतःला सांगितलं होतं आणि पाळलं नाही, तेव्हा जी काही माफी आहे ती इथे नोंदवतो. जवळजवळ पाच महिने लिहिण्याऐवजी ट्रक चालवत होतो.

ट्रक म्हणजे कॉम्प्युटरवरचा गेम. वय शेहेचाळीस, मराठीत एम.ए., अकरा वर्षं तासिकांवर शिकवलं, मग तासिकाच संपल्या. आता खुर्चीत बसून परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यांवर ट्रक हाकतो आणि बोलतो. गेममध्ये माल चीजचा असतो. मी म्हणतो, देवळ्याहून कांदा भरलाय, येवल्याला उतरवायचाय. वाटेत शब्द, म्हणी, गावांच्या नावांचे किस्से. लोक बघतात. 'मास्तरांचा ट्रक' हे नाव लोकांनीच दिलं. त्यात खरे ट्रकचालक पुष्कळ आहेत. दिवसभर ट्रक चालवून आल्यावर दुसऱ्याला खोटा ट्रक चालवताना बघणाऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. पण घराचा हप्ता त्यांच्यामुळे जातो, हेही लिहायला हवं.

तीन दिवसांपूर्वी मेल आला. माझ्या अडतीस व्हिडिओंवर स्वामित्वहक्काचा दावा आहे. दावा करणारी नोएडाची कुठलीशी कंपनी. कशावर? प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ट्रकच्या टेपवर जे गाणं वाजतं त्यावर. ते गाणं माझ्या वडिलांचं आहे. गीत, चाल, आवाज – कोंडाजी. कॅसेट १९९१ ची, 'खडीचं गाणं'.

काय गंमत आहे पाहा. गेमच्या रेडिओवर दुसऱ्यांची गाणी लागतात म्हणून मी तो पहिल्या दिवशी बंद केला. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर व्हिडिओ टाकले, तर 'यात तुमचं स्वतःचं योगदान दिसत नाही' म्हणून जाहिराती नाकारल्या. म्हणून बोलायला लागलो. पुढे गाणं घालायचं ठरलं तेव्हा मुद्दाम घरचं घेतलं, कारण बाकी प्रत्येक गाण्याला मालक असतो. आणि आता सांगतात की माझ्या बापाचा मालक नोएडाला आहे.

मेलच्या शेवटी लिहिलं आहे : हे निराशाजनक असू शकतं, हे आम्ही समजतो. कोण समजतं? यंत्राने लिहिलेलं, यंत्राने पाठवलेलं. गिरणीच्या पट्ट्याने सांत्वन करावं तसं.

५ ऑगस्ट

बंटीला भेटलो. सिडकोत राहतो, वय तीस, कॉलेजात माझ्या तासाला बसायचा, म्हणजे शेवटच्या बाकावर झोपायचा. आज त्याच्या चॅनेलचे प्रेक्षक माझ्या दहापट. गोळीबाराचे गेम खेळतो आणि ओरडतो. एका व्हिडिओत किती वेळा 'भावांनो' म्हणतो ते मी मोजलं होतं. नंतर मोजल्याची लाज वाटली.

"सर, लोड नका घेऊ," तो म्हणाला. "गाण्याचा पिच थोडा वर घ्या, स्पीड जरा वाढवा. मशीनला बाप कळत नाय."

"म्हणजे वडिलांचा आवाज खारीसारखा करू?"

"सर, खार तर खार. क्लेम तर जाईल."

मी म्हणालो, जे माझं आहे ते चोरासारखं वेष बदलून का वापरू? तो हसला. त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हे प्रामाणिकपणे लिहितो. मग म्हणाला, "सर, राग नका मानू, पण गेम कंपनीचा, गाणं बाबांचं. आपलं ओरिजिनल काय त्यात? मी तर निदान ओरडतो."

चहाचे पैसे मीच दिले. घरी आल्यावर बायकोला, उज्वलाला, हे सांगितलं. ती पोस्टातल्या नोकरीवरून नुकतीच आली होती. म्हणाली, "मुलगा मूर्ख नाही." मी म्हणालो, मूर्ख नसणं ही काही पात्रता नव्हे.

८ ऑगस्ट

कागद सापडला! बाबांच्या पत्र्याच्या पेटीत, नगरपालिकेतल्या निवृत्तीच्या शालीखाली. कॅसेट काढणाऱ्या दुकानदाराशी केलेला करार, शंभर कॅसेटमागे काय द्यायचं वगैरे. त्यात स्पष्ट वाक्य आहे : 'गीत व चाल यांचे सर्व हक्क गीतकार कोंडाजी यांजकडे राहतील.' दुकानदाराला फक्त कॅसेट विकायची परवानगी. नोएडावाल्यांनी त्या दुकानदाराचा जुना साठा पोत्याने घेतला असणार आणि पोत्याबरोबर माणसंही घेतली असं समजले.

बाबांची सही पाहिली. वळणदार, पूर्ण नावाची. सहीबद्दल ते फार काटेकोर होते. बहात्तरच्या दुष्काळात घरचे सगळे खडीवर, म्हणजे सरकारी दुष्काळी कामावर दगड फोडायला, जात होते तेव्हा ते नाशिकला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. घराण्यातली पहिली सही त्यांची. गायन पार्टीच्या पत्रिकेवर स्वतःचं नाव चुकीचं छापलं म्हणून त्यांनी एकदा जयंतीचा कार्यक्रम सोडला होता. कॅसेटच्या वेष्टनावरही नाव तीनदा आहे. खाली बारीक अक्षरात 'कोरस : महिला वृंद'. हा वृंद म्हणजे सिन्नरची माझी आत्या, लताबाई. एकटीच. बाबांची थोरली बहीण.

आज गाणं पुन्हा नीट ऐकलं. रेकॉर्डिंगमध्ये दोन दोष आहेत, एम.ए.ला न शोभणारी भक्ती बाजूला ठेवून लिहितो. एक, कोरस मागून यायला हवा, तो प्रत्येक ओळीला बाबांच्या जरा आधीच सुरू होतो; आत्याला ताल सांभाळता आला नसावा. दोन, पहिलंच कडवं :

खडी मी फोडिली, ऊन आलं वर,
घाम पुसाया माझा फाटका पटका.

इथे यमक मोडतं. मी एका व्हिडिओत प्रेक्षकांना समजावलं होतं की कष्टाने मोडलेला माणूस दाखवण्यासाठी कवीने यमक मुद्दाम मोडलं आहे. एका चालकाने खाली लिहिलं होतं, 'मास्तर, मोडलं की तुटलं?' असल्यांना काय उत्तर द्यायचं.

१२ ऑगस्ट

दाव्याला हरकत घेतली. फॉर्म भरायला वीस मिनिटं, शेवटचा चौकोन टिचकवायला दीड तास. 'मी असं जाहीर करतो की या रचनेचे हक्क माझ्याकडे आहेत आणि वरील माहिती खरी आहे.' खोटं निघालं तर कारवाई. कंपनीने हरकत फेटाळली तर व्हिडिओ काढून टाकतात, आणि असे तीन फटके बसले की चॅनेलच बंद. माझे व्हिडिओ अडतीस आहेत. म्हणजे हरलो तर सगळंच जाणार. कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस. तोवर उत्पन्न अडकलेलं.

दीड तास का लागला? खरंच माझ्याकडे आहेत का हक्क, हे स्वतःला विचारत होतो. बाबांचे हक्क, मी एकुलता वारस, कागद समोर. तरी बोट उचलेना. अशी माझी सवयच आहे. निवडणुकीच्या ड्युटीत मतपत्रिका मोजतानाही मी तीनदा मोजायचो आणि बाकीचे लोक माझ्याकडे पाहून घड्याळ दाखवायचे. बंटीने हा चौकोन आयुष्यात किती वेळा न वाचता टिचकवला असेल! त्या सगळ्यांची मला कीव येते. शेवटी टिचकवला. स्वच्छ मनाने.

१७ ऑगस्ट

सिन्नरला जाऊन आलो, उज्वलाला घेऊन. निकाल लागेपर्यंत नव्या व्हिडिओंना जुनी कॅसेट वापरता येत नाही, म्हणून आत्याच्या आवाजात गाणं नव्याने रेकॉर्ड करावं असा विचार. बाबांची चाल आता तिच्याशिवाय कोणाला येत नाही.

आत्या पंचाहत्तरची. विड्या वळून वळून बोटं वाकडी झालीत, आवाज मात्र तसाच. मी फोन कोनाड्यात उभा केला. गाणं म्हणायचं म्हटल्यावर ती लाजेल असं वाटलं होतं. ती पदर खोचून ताठ बसली आणि थेट सुरू झाली.

पहिल्याच कडव्याला चूक.

"आत्या, 'पदर' नाही. 'फाटका पटका' आहे."

"पटका?" ती थांबली. "पटका कुठून आला खडीवर बाईच्या डोक्याला?"

"बाई नाही गं, बाबांचं गाणं आहे ना. पटकाच आहे."

तिने उज्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं शेखऱ्या. तुझ्या बापाचं. पटका तर पटका."

पुढे तिने मध्येच एक कडवं घातलं जे कॅसेटवर नाहीच. मी पुन्हा थांबवलं. वयामुळे दोन-तीन गाणी एकत्र होत असावीत. रागावलो नाही, फक्त म्हणालो, "जेवढं कॅसेटवर आहे तेवढंच म्हण." ती म्हणाली, "तेवढं तर लय थोडं हाय रे." मग तिच्या डोळ्यांचे थेंब संपले होते ते आणायला मी चौकात गेलो, दुकान बंद, दुसरं शोधलं, अर्धा-पाऊण तास गेला. परत आलो. फोन चालूच राहिला होता. ऐकण्यासारखं त्यात काही नसणार. एकूण रेकॉर्डिंग निरुपयोगी.

येताना एसटीत उज्वला एक शब्द बोलली नाही. कुंभासाठी रस्ता जागोजाग उकरून ठेवलाय, तिला गाडी लागते.

१८ ऑगस्ट

उज्वलाने सकाळी डबा भरता भरता विचारलं, "बाबा कधी खडीवर होते का रे?"

मी म्हणालो, नव्हते, बोर्डिंगात होते, तुला माहीत आहे. कवीला सगळं स्वतः भोगावं लागत नाही, त्यालाच प्रतिभा म्हणतात.

"असं," ती म्हणाली. डब्याचं झाकण दोनदा लावलं. "कालचं रेकॉर्डिंग एकदा ऐक."

ऐकीन म्हणालो. तिला कवितेतलं कळत नाही, आणि तशी तिची तक्रारही नसते.

२९ ऑगस्ट

कंपनीकडून उत्तर नाही. देवळ्याच्या नवनाथ नावाच्या चालकाने लिहिलंय, 'मास्तर, गाणं नाय तर ट्रकमदी बसावं वाटत नाय. आमच्या आईनं बी खडी फोडलेली.' त्याखाली दोनशे जणांनी अंगठे दाबलेत. भावनेला अंगठा दाबायची ही सोय ज्याने काढली त्याला माणसांची चांगलीच पारख असणार. मी मात्र ते दोनदा वाचलं.

११ सप्टेंबर

तीस दिवस संपले. कंपनीने उत्तर दिलं नाही, दावे आपोआप गळून पडले. अडतीसच्या अडतीस. असे हे लोक. हजारो गाण्यांवर जाळं टाकायचं, जो घाबरेल त्याचं खायचं, जो कागद दाखवेल तिथे मुकाट निघून जायचं. लढायचीसुद्धा लायकी नाही.

बंटीचा फोन. "सर! जिंकलात! आता एक व्हिडिओ पाहिजेच. 'बापाचा हक्क परत आणला.' थंबनेल मी करून देतो."

असले व्हिडिओ मला आवडत नाहीत. करणार आहे. का, ते नीट पाहिलं पाहिजे : हिशेब चुकता करायला की टाळ्यांसाठी? दोन्ही असावं.

१२ सप्टेंबर

केला. येवल्याच्या वाटेवर ट्रक उभा केला आणि सतरा मिनिटं बोललो. म्हणालो, पाकीटमार बरा, तो निदान पाकिटावर आपलं नाव घालत नाही. दुसऱ्याच्या घामावर स्वतःचं नाव छापणारा माणूस मी सगळ्यांत खालचा समजतो. करारावरची बाबांची सही दाखवली. आजवर माझा एकही व्हिडिओ इतका पाहिला गेला नव्हता. लोक रडलेत म्हणे.

उज्वलाने स्वयंपाकघरातून ऐकला. शेवटपर्यंत ऐकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "सिन्नरचं रेकॉर्डिंग ऐकलंस का?"

"नाही अजून."

"आधी ते ऐकायचं होतंस."

१३ सप्टेंबर

ऐकलं.

मी थेंब आणायला गेल्यानंतरचा भाग. जसं आहे तसं उतरवतो, एकही शब्द बदलत नाही.

उज्वला : आत्या, पदरच होता ना?

आत्या : पदरच की. माझाच पदर. बहात्तर साली सडकंवर होते मी, पोर झोळीत. हात चालला की तोंड चालायचं. बाया म्हणायच्या, लताबाई म्हण, म्हणजी दगड हलका लागतो. एकेक दिवसाला एकेक कडवं व्हायचं.

उज्वला : आणि बाबा?

आत्या : कोंडू बोर्डिंगातून सुट्टीला आला की वहीत उतरून घ्यायचा. मला कुठं लिहाया येतं? म्हनला, आक्का, तुझं गाणं कॅसेटात घालू. मी म्हनलं, घाल. तिथं गेलो तर दुकानदार म्हनला, बाई एकटीचं कोण घेईल? मग कोंडू म्हनला, मी म्हणतो, तू मागून म्हण. मला मागून जमंना. माझंच गाणं, मी मागून कशी येणार? तोंडातून आधीच निघायचं.

(इथे ती हसते. बराच वेळ.)

उज्वला : नाव घातलं नाही तुमचं.

आत्या : त्याला लाज वाटली आसंल नंतर. पुढं कधी त्यानं माझ्यासमोर ते गाणं म्हनलं नाय. पण भाऊ वंगाळ नव्हता गं. शेखऱ्याला सांगू नको. त्याला बापाचं लय हाय.

मग तिने ते कडवं म्हटलं, जे मी थांबवलं होतं :

हजेरीच्या कागदात मी बाई नंबर नऊ,
पुसलं नाय कुणी, मग नाव कुठं लावू?

यानंतर दार वाजतं, आणि माझा आवाज येतो : "दुकानंसुद्धा वेळेवर उघडत नाहीत इथली." तोच आवाज, ज्याने काल सतरा मिनिटं भाषण केलं. तो आवाज ऐकवत नाही. त्यात एक तुच्छता आहे जी मला आजवर काटेकोरपणा वाटत होती.

१४ सप्टेंबर

उज्वलाला विचारलं, तू महिनाभर गप्प का राहिलीस?

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि तुझ्याच फोनात होतं. पोस्टात आम्ही दुसऱ्याची पत्रं फोडत नाही, पण ज्याचं आहे त्याने तरी फोडावं ना?"

सकाळपासून मी बाबांच्या बाजूने वकिली करून पाहिली. काळ तसा होता. दुकानदाराने अडवलं. सगळं खरं आहे. पण करारात 'गीतकार' या शब्दापुढे त्यांनी सही केली तेव्हा कोणी हात धरला नव्हता. आणि यमक मोडायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पदर लपवायला पटका बांधला आणि मी त्यावर व्याख्यान दिलं. कवितेसाठी मोडलं नव्हतं, शब्द बदलल्यामुळे तुटलं होतं. त्या चालकाला कळलं, मला नाही. नोएडावाल्यांनी पोतं उचललं, त्यात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हा बापलेकांना ते कारणही नाही. बाबांना माहीत होतं, आणि मला ती समोर बसून सांगत होती तर मी तिला तिचंच गाणं शिकवलं.

बंटीला सांगितलं. तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "सर, आत्या आपलीच ना? तिला काही प्रॉब्लेम नाय. मग कशाला उकरता? हरकत खोटी होती असं कळवलं तर क्लेम परत येणार. स्ट्राइक पण येतील. चॅनेल जाईल, सर."

"जाईल."

"एवढं सगळं एका नावासाठी?"

मी 'हो' म्हणालो. मग लक्षात आलं की या 'हो'तसुद्धा मला बरं वाटलं, सभेत म्हटल्यासारखं. म्हणून इथे लिहून ठेवतो की मला भीती वाटते आहे. चॅनेल गेलं तर शेहेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे दुसरं काही नाही. उज्वलाला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "माझी नोकरी आहे. हप्त्याचं बघू." मग थोड्या वेळाने, "आत्यांना आधी विचार. नाहीतर पुन्हा त्यांच्या वतीने तूच ठरवशील." हे मला सुचलं नव्हतं.

परवाचा व्हिडिओ काढून टाकला. आत्याला विचारल्यावरच पाठवायचा असं ठरवून मेल लिहायला घेतला : माझी हरकत चुकीच्या माहितीवर होती, गीतकार कोंडाजी नव्हेत. मेलसोबत भरायच्या फॉर्ममध्ये रकाना आहे – रचनाकाराचं संपूर्ण कायदेशीर नाव. 'लताबाई' लिहिलं आणि थांबलो. नवऱ्याचं नाव? ते मी लहान असतानाच गेले, आम्ही त्यांना फक्त मामा म्हणायचो. आडनाव? पेटी पुन्हा उपसली. लग्नपत्रिका नाही, कॅसेटवर 'महिला वृंद', घरात कुठल्याही कागदावर ती नाही. उज्वलालाही माहीत नाही. शेहेचाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो.

रकाना तसाच ठेवून मेल अर्धा जतन केला आहे.

उद्या : सिन्नरला जाऊन आत्याला तिचं पूर्ण नाव विचारणे.